चांदरात भावंडांची

रमजानचा एकोणतिसावा रोजा सोडून मगरिबची नमाज झाली की मुले गच्चीकडे धावतात. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर तीस रोजे पूर्ण. ही चांदरात आपल्यापैकी बरेच जण बाजारात घालवतात. घरात अम्मी आणि थोरली मुलगी मध्यरात्रीपर्यंत राबतात. मुलगे मोबाइल घेऊन नाक्यावर. सकाळी शिरखुर्मा सगळे मिळून पितात, पण तो सगळ्यांनी मिळून केलेला नसतो.

आमच्या घरी एक साधी रीत आहे. इशाच्या नमाजीनंतर जुनी चादर अंथरायची आणि सर्व भावंडांनी मेवा कापायला बसायचे. धाकट्याने गरम पाण्यात भिजवलेले बदाम सोलायचे. ते बोटांतून उडतात आणि हसण्यातच निम्मे काम होते. मधल्या बहिणीने चारोळी निवडायची, पिस्त्याचे काप करायचे. थोरल्या भावाने सकाळपासून भिजलेली खारीक उभी चिरायची आणि शेवया तुपावर परतायच्या. दोन लिटर दुधाला शंभर ग्रॅम बारीक शेवया पुरतात. जास्त पडल्या तर सकाळपर्यंत घट्ट गोळा होतो. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हेही मुलांना त्याच वेळी कळते.

हात चालू असताना फित्र्याचा हिशेब होतो. हनफी घरांत माणशी साधारण पावणेदोन किलो गहू धरतात. सहा माणसांचे साडेदहा किलो. कोकणातल्या शाफई घरांत तांदळाचा पूर्ण एक साअ काढतात. ईदच्या नमाजीआधी तो गरजूंपर्यंत पोहोचवायला भाऊ-बहिणीने जोडीने जावे.

मुलग्यांना स्वयंपाकघरात बसवायला काही घरांत संकोच वाटतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. एका वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. हा न्याय ईदीच्या नोटांपुरता नाही, कामाच्या वाटणीतही हवा, असे आम्हाला वाटते.

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या आसपास पाहा. लहानपणी एका ताटात जेवलेले भाऊ-बहीण पन्नाशीत एकमेकांच्या दारात जात नाहीत. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. पण तिने तो मागितला की माहेर तुटते. जो मुलगा वर्षानुवर्षे बहिणीच्या कष्टाचे आयते खातो, त्याला पुढे तिचा हक्कही आयताच आपला वाटू लागतो. एका चांदरातीने हे सुटणार नाही. पण बहिणीच्या शेजारी बसून खारीक चिरणाऱ्याला ती बरोबरीची आहे हे सांगावे लागत नाही.

ज्यांच्या बहिणी सासरी आहेत, त्यांनी शिरखुर्म्याचा डबा स्वतः घेऊन जावे. गाव लांब असेल तर नमाजीहून येताच पहिला फोन तिला करावा. आणि ज्यांची मुले अजून घरात आहेत, त्यांनी या चांदरातीला बाजार लवकर आटोपून चादर अंथरावी. सुऱ्या मात्र मोठ्यांच्याच हाती द्याव्यात.