कायद्याच्या प्राध्यापकांचा ‘संशोधन सहायक’ : हे काम नेमकं काय असतं?

पंढरपूरसारख्या गावातून आपली मुलं-मुली आता एलएलबीसाठी सोलापूर, पुण्याला जातात. ‘सरांनी मला संशोधन सहायक म्हणून घेतलंय,’ असं मुलीने सांगितलं की घरचे आधी विचारतात, पगार किती? काही ठिकाणी मानधन मिळतं, काही ठिकाणी फक्त प्रमाणपत्र. हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं, त्यात लाजायचं काही नाही. पण खरी कमाई वेगळी आहे.

प्राध्यापक लेख, पुस्तक किंवा अहवाल लिहितात. त्यासाठी निकाल शोधणं, टिपणं काढणं, तळटीपा तपासणं हे सहायकाचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही.

घटस्फोटित मुस्लिम महिलेच्या पोटगीचा विषय घ्या. १९८५ चा शाहबानो निकाल सर्वांना माहीत आहे. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला. अनेकजण इथेच थांबतात आणि सांगतात, पोटगी फक्त इद्दतपुरती. पण २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, पतीने तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतीच्या काळातच करून द्यायची. २०२४ मध्ये मोहम्मद अब्दुल समद खटल्यात कोर्टाने कलम १२५ खालचा मार्गही तिला खुला असल्याचं स्पष्ट केलं.

सहायक १९८६ वरच थांबला तर लेख चुकतो. तो वाचून दिलेला सल्ला चुकतो, आणि नुकसान होतं आपल्याच एखाद्या बहिणीचं. म्हणून आम्ही या कामाला अमानत म्हणतो.

विद्यार्थ्यांच्या हातून मोठं कामही होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रा. अनुप सुरेंद्रनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ च्या त्या अहवालातून कळलं की, यातले सुमारे ७६ टक्के कैदी मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते.

सुरुवात कशी करावी? ज्या प्राध्यापकांकडे काम हवं, त्यांचा एक लेख नीट वाचा. मग छोटा ईमेल लिहा : काय वाचलं, कोणता प्रश्न पडला, आठवड्याला किती तास देऊ शकता. सोबत स्वतः लिहिलेलं एखादं टिपण जोडा. ओळख-वशिला नसला तरी चालतं. सुप्रीम कोर्टाचे निकाल ‘ई-एससीआर’वर मोफत आहेत, त्यामुळे सराव पंढरपुरात घरी बसूनही होतो.

पालकांना एवढीच विनंती, परीक्षेच्या काळात कामाचे तास कमी करून मागायला मुलांना सांगा. पण ‘फुकटचं काम’ म्हणून ते सोडायला लावू नका.