परदेशात संशोधन : आधी पदव्युत्तर पदवी की थेट पीएचडी?

बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेने महामार्गाने निघाले, की काही किलोमीटरवर काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. त्यांचेच नाव धारण करणारे विद्यापीठ याच रस्त्यावर पुढे भूतरामनहट्टीला आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण हाकेच्या अंतरावर मिळू लागल्याने या पट्ट्यातील घरांत आता पुढचा प्रश्न विचारला जातो. चोर्ला घाटाच्या अलीकडे, गोव्यातील घरांतही तोच प्रश्न आहे : संशोधनासाठी परदेशी जायचे तर आधी पदव्युत्तर पदवी घ्यावी, की थेट पीएचडीला अर्ज करावा? यावर घरातील ठेव, प्रसंगी जमीन आणि विशीतील चार-पाच वर्षे पणाला लागतात. म्हणून दोन्ही वाटा नीट पारखून घेणे हिताचे.

दोन पदव्यांतील मूळ फरक

परदेशी पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन प्रकारचे असतात. पहिल्यात प्रामुख्याने वर्ग, परीक्षा आणि शेवटी एक छोटा प्रकल्प असतो. दुसऱ्यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले संशोधन आणि प्रबंध हाच गाभा असतो. ब्रिटनमधील एमआरेस आणि एमफिल, कॅनडातील प्रबंधाधारित एमएस्सी व ऑस्ट्रेलियातील संशोधनपर पदव्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांचा कालावधी साधारण एक ते दोन वर्षे असतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एमफिल बंद केली. परदेशात मात्र ती अनेक ठिकाणी चालू आहे.

संशोधनपर पदव्युत्तर पदवीत विद्यार्थ्याने संशोधनाची पद्धत आत्मसात केली आहे, हे सिद्ध करायचे असते. पीएचडीत त्याने ज्ञानात नवी भर घातली आहे, हे परीक्षकांना पटवून द्यावे लागते. पहिल्या पदवीची मुदत बरीचशी ठरलेली असते, दुसरीची लांबू शकते.

देश बदलला की गणित बदलते

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. हा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षांचा असला, तरी नामांकित विद्यापीठांत शुल्कमाफी आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे विद्यावेतन बहुधा मिळते. उलट तेथील एमएस बहुतेकांना स्वखर्चाने करावी लागते. म्हणजे ‘लहान’ पदवी महाग आणि ‘मोठी’ पदवी स्वस्त, असा उलटा हिशेब तेथे दिसतो.

ब्रिटनमध्ये पीएचडी तीन ते चार वर्षांची असते. पण विद्यार्थी संशोधनाची दिशा ठरवूनच येईल, ही अपेक्षा असते. जर्मनीत पीएचडीपूर्वी पदव्युत्तर पदवी सर्वसाधारणपणे आवश्यकच मानली जाते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही आणि विज्ञान-अभियांत्रिकीतील पीएचडीचा विद्यार्थी अनेकदा पगारी कर्मचारी म्हणून नेमला जातो. कॅनडात प्रबंधाधारित एमएस्सीला बऱ्याचदा विद्यावेतन असते, म्हणून पीएचडीकडे जाणारी पायरी म्हणून ती सोयीची ठरते.

तीन वर्षांची बीए वा बीएस्सी झालेल्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. काही परदेशी विद्यापीठे ही पदवी थेट पीएचडीसाठी पुरेशी धरत नाहीत. अशा वेळी पदव्युत्तर पदवी ही निवडीची बाब न राहता गरज बनते. मात्र ती भारतातही पूर्ण करता येते.

इतिहास काय सांगतो?

या निवडीचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ मध्ये एमए झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवल्यावर, शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जाच्या आधारे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये प्रबंध लिहून एमएस्सी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डीएस्सी, अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. कोलंबियाची पीएचडी तर प्रबंध ग्रंथरूपाने छापून झाल्यावर १९२७ मध्ये हाती आली. निपाणीच्या १९२५ च्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तेव्हाही ती पदवी मिळायची होती. पैसा संपला की बुद्धिमत्ता असूनही काम थांबते. आणि मधली पदवी हाती असेल तर खंड पडलेले शिक्षण पुन्हा जोडता येते, हे दोन्ही धडे या प्रवासात आहेत.

कमला सोहोनी यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून मुंबई विद्यापीठाची एमएस्सी मिळवली आणि मग केंब्रिज गाठले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. संशोधनाचा पाया मायदेशी घालून परदेशातील काळ कमी करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. गोव्याचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी मात्र १९२९ मध्ये हार्वर्डची केवळ पदवी घेऊन परतले आणि पीएचडीविनाच गणित व इतिहास या दोन्ही क्षेत्रांत मान्यता पावले. पदवी हे साधन आहे, साध्य नव्हे, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

निर्णय कसा घ्यावा?

पहिली कसोटी विषयाची. ‘मला कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे?’ हे दोन-चार वाक्यांत लिहिता येत असेल आणि त्या विषयात प्रबंध वा प्रयोगशाळेचा अनुभव गाठीशी असेल, तर थेट पीएचडीचा विचार रास्त. प्रश्न अजून धूसर असेल किंवा शाखा बदलायची असेल, तर संशोधनपर पदव्युत्तर पदवी ही कमी जोखमीची परीक्षा ठरते.

दुसरी कसोटी पैशांची. विद्यावेतनाविना पीएचडी स्वीकारणे टाळलेलेच बरे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपुढे गेले, की बँका साधारणतः तारण मागतात. अभ्यासकाळात हप्ता नसला तरी व्याज वाढतच असते. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना अशा पर्यायांच्या अटी प्रवेशाआधीच वाचाव्यात. कोणती योजना कोणत्या पदवीला आणि किती वर्षांसाठी लागू आहे, यावरही निवड अवलंबून राहते.

तिसरी कसोटी परतीची. अध्यापन करायचे असेल, तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट वा सेट ही किमान पात्रता असून पीएचडी ऐच्छिक आहे. उद्योगक्षेत्रातील अनेक कामांना पदव्युत्तर पदवी पुरते. स्वतंत्र संशोधक म्हणून उभे राहायचे असेल, तर मात्र पीएचडीला पर्याय जवळपास नाही.

आणि शेवटची, बहुधा दुर्लक्षिली जाणारी कसोटी मार्गदर्शकाची. अर्जापूर्वी त्यांचे अलीकडचे लेखन वाचावे, त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे विचारून घ्यावे. विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर राहते. पण ती वर्षे मार्गदर्शकाच्या छायेतच काढायची असतात.