चावी हाती घेण्याआधी

सकाळी ७
पिशवीत ओळंबा, गुण्या, लेव्हल, लेझर टेप, ओलावा मोजायचं मीटर, सॉकेट टेस्टर, टॉर्च आणि खडू. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. छत्रपती संभाजीनगरात नवं घर घेणाऱ्यांना ताब्याआधी ते तपासून देतो. फी घर घेणारा देतो, बिल्डर नाही, आणि या कामाची सगळी किंमत त्यातच आहे. साइट इंजिनिअर बिल्डरच्या पगारावर असतो. बँकेचा व्हॅल्युअर कर्ज सुरक्षित आहे ना, एवढंच बघतो. ज्याला वर्षानुवर्षं हप्ते फेडत त्या घरात राहायचंय, त्याच्या बाजूने मात्र कोणीच फिरत नाही.

सकाळी ८
सातारा परिसरात रो-हाऊस घेणारं जोडपं भेटतं. साहेब वाळूजला कंपनीत, मॅडम शिक्षिका. घराआधी कागद बघतो: मंजूर नकाशा, करारनामा, त्यातली साहित्याची यादी, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा नसेल तर ताबा घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगतो. ही स्कीम सहाच घरांची आहे. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठापेक्षा जास्त नसतील, तर रेरा कायद्यात नोंदणीची सक्ती नाही.

"मग सर, उद्या काही झालं तर दाद कुठं मागायची?" मॅडम विचारतात.

ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, पण तिथे कागद बोलतो. म्हणून आजची तपासणी.

सकाळी ९.३०
वरच्या बाथरूममध्ये नहाणीचं तोंड बंद करून काल सकाळी दोन इंच पाणी भरून ठेवायला लावलं होतं. भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली होती. "टँकर मागवावा लागतो साहेब, फरशीवर पाणी कशाला तुंबवायचं?" सुपरवायझरचं म्हणणं होतं. त्यांची अडचण खोटी नाही. जायकवाडीचं पाणी इथल्या नळांना कित्येक दिवसांनी येतं. पण पाण्याची टंचाई असली की हीच चाचणी सर्वांत आधी गाळली जाते.

चोवीस तासांनी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलंय. खाली स्वयंपाकघराच्या छताला, ड्रेनेजचा पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे, वीतभर ओला डाग आहे. मीटर लावून बघतो, तर ओल डागाच्या पुढे थेट बीमपर्यंत सरकलेली. पुट्टी आणि रंग मारून डाग झाकता येईल, पण पाइपभोवतीची फट तशीच राहील. तो भाग फोडायचा, ग्राउट भरायचं, वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं आणि परत चोवीस तास पाणी भरून बघायचं. वहीत हे पहिलं कलम.

सकाळी ११
आता भिंती. काँक्रीट किमान ७ दिवस, आणि हवा कोरडी-गरम असेल तर किमान १० दिवस ओलं ठेवावं, असं आयएस ४५६ सांगतं. गिलाव्यालाही पाणी मारावंच लागतं. इथे बेडरूमच्या भिंतीवर खिळ्याने ओरखडा काढला की वाळू झडते. मिस्त्रीमामा प्रामाणिकपणे सांगतात, "ऐन उन्हाळ्यात काम झालं, पाणी पुरलंच नाही."

मॅडमना तडे ओळखायला शिकवतो. केसाएवढे जाळीदार तडे गिलावा आकसल्याचे. कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावरची उभी सरळ चीर म्हणजे तिथे जाळी लावलेली नाही. ही दोन्ही दुरुस्त होतात. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली तिरकी चीर दिसली, तर मात्र पाया खचतोय का हे तपासावं लागतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराचा पाया कठीण मुरमापर्यंत नेतात, पण कंपाउंडची भिंत पुष्कळदा मातीवरच उभी करतात. इथल्या कंपाउंडला तशीच चीर आहे.

दुपारी १
फरशा काठीने वाजवतो. ठोस आवाज ठीक. पोकळ वाजली की खडूने फुली. मग सॉकेटचं अर्थिंग, आरसीसीबीचं टेस्ट बटण, सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब.

दुपारी २
गच्चीवर बादली ओततो. पाणी पाइपकडे न जाता पॅरापेटच्या कोपऱ्यात थांबतं, म्हणजे ढाळ चुकलाय. कोपऱ्यांत वाटाही (सिमेंटची गोलाई) नीट केलेला नाही. जूनमध्ये हेच पाणी खालच्या खोलीत उतरेल.

दुपारी ४
बिल्डरच्या ऑफिसात. "आठ दिवसांत सगळं करून देतो. तुम्ही ताबापत्रावर सही करा, वास्तूचा मुहूर्त कशाला चुकवता?" ताबापत्रात 'काम समाधानकारक आहे' असं वाक्य छापलेलं आहे. मी साहेबांना सांगतो, दुरुस्ती होऊन फेरतपासणी झाल्याशिवाय या वाक्याखाली सही नको. मुहूर्त पुढचाही मिळतो. भांडण कोणालाच नकोय. फोटोंसकट यादी समोर ठेवली, तेव्हा बिल्डरनेही तारखा लिहून दिल्या.

रात्री ८
अहवाल लिहितो: खोली, दोष, फोटो, उपाय. जे मला दिसू शकत नाही तेही लिहितो. काँक्रीटची ताकद, स्लॅबमधलं लोखंड आणि पाया डोळ्यांनी तपासता येत नाही. ताकदीसाठी काँक्रीट क्यूबचे २८ दिवसांचे चाचणी अहवाल मागा, लोखंड किंवा पायाबद्दल शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

रेरात नोंदलेल्या प्रकल्पात २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) ताब्यापासून पाच वर्षं संरक्षण देतं: दोष कळवल्यावर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. हा हक्क मोठा आहे. पण राहायला गेल्यावर सामान हलवून, मुलांच्या परीक्षा सांभाळत बाथरूम फोडून घेणं किती जड जातं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. रिकाम्या घरात तेच काम चार दिवसांत होतं, आणि शेवटचा हप्ता आपल्या हातात असेपर्यंत शब्दाला वजन असतं. म्हणून तो चेक देण्याआधी आपल्या बाजूचा एक जाणकार घरभर फिरवा आणि त्याचं म्हणणं लेखी घ्या.