टाचेचा आकडा आणि खुब्याचा आकडा

हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीला डॉक्टर ‘डेक्सा’ म्हणतात. लॅबच्या दरपत्रकात ती बहुधा ‘बीएमडी’ या नावाने सापडते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रहिवाशांची हाडांच्या मोजणीशी पहिली गाठ मात्र अनेकदा शिबिरात पडते. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, सोसायटीचे क्लबहाउस किंवा औषधाच्या दुकानासमोरचा मंडप. छोट्या यंत्रात उघडी टाच ठेवायची, मिनिटा-दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. तिच्यावर ‘-२.१’ असा काहीसा आकडा आणि हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा. शिबिर फुकट असते. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांची माहितीपत्रके असतात, आणि हा केवळ योगायोग नसतो.

टाचेचे हे यंत्र क्ष-किरण वापरत नाही. ते टाचेच्या हाडातून अल्ट्रासाउंड लहरी सोडते आणि त्या किती वेगाने जातात, किती क्षीण होतात यावरून हाडाच्या स्थितीचा अंदाज बांधते. मोठा धोका कोणाला असू शकतो हे चाळून काढण्यापुरता त्याचा उपयोग आहे, निदानासाठी नाही. ऑस्टिओपोरोसिस ठरवण्याची जी सीमारेषा सर्वत्र मानली जाते ती खुबा, कंबर आणि मनगटाजवळच्या हाडाच्या डेक्सासाठी आहे. टाचेच्या आकड्याला ती लावताच येत नाही. त्यामुळे चिठ्ठीवरच्या लाल पट्ट्यावरून वर्षभर गोळ्या घेणे जितके चूक, तितकेच हिरवा पट्टा पाहून निर्धास्त होणेही चूक.

डेक्सा यंत्रे १९८७च्या सुमारास बाजारात आली. त्यांत दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून जातात. हाड आणि मांस हे दोन्ही किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून दोन मोजण्यांवरून मांसाचा वाटा वजा करून हाडातील खनिजाचे प्रमाण काढता येते. टेबलावर उताणे पडून राहायचे आणि वरून यंत्राचा हात सरकत जातो. एमआरआयसारखा बोगदा नाही, सुई नाही, उपाशी राहणे नाही. काम दहा-पंधरा मिनिटांचे. किरणोत्सर्ग इतका कमी, की निसर्गातून माणसाला एखाद-दुसऱ्या दिवसात मिळणाऱ्या मात्रेशी त्याची तुलना होते. तरीही यंत्र क्ष-किरणांचे असल्यामुळे त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवतात. न विरघळलेली गोळी पोटात असेल तर ती मणक्यांच्या चित्रात येऊ शकते. परकराच्या नाडीतली सेफ्टी पिन, हूक, पट्ट्याचे बक्कल असे मोजणीच्या भागातले धातू काढून ठेवावे लागतात. नुकतीच बेरियमची किंवा आयसोटोपची तपासणी झाली असेल, तर डेक्सा काही दिवस पुढे ढकलतात. गर्भवतीची ही तपासणी करत नाहीत.

अहवालातला महत्त्वाचा आकडा म्हणजे टी-स्कोअर. निरोगी तरुण वयातील सरासरी घनतेपेक्षा समोरच्या व्यक्तीची घनता किती वर किंवा खाली आहे, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार -१ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, -१ ते -२.५ यांच्या दरम्यान ऑस्टिओपेनिया आणि -२.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. हे निकष मुळात पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी होते. पुढे पन्नाशीपुढच्या पुरुषांनाही लावले जाऊ लागले. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर पाहतात, म्हणजे तुलना समवयस्कांशी होते. पस्तिशीतल्या बाईच्या अहवालातला टी-स्कोअर वाचून तिला ‘ऑस्टिओपेनिया’ची पेशंट ठरवणे हा नाहक घोर आहे.

आता ही ‘निरोगी तरुण’ सरासरी कोणाची? प्रचलित मापे मुख्यतः अमेरिकी गोऱ्या स्त्रियांच्या मोजणीवर बेतलेली आहेत. परळच्या केईएम रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या हाडांची घनता मोजणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर धडधाकट, पंचविशी ते पस्तिशीतली ही मंडळी, तरी पाश्चात्त्य मापाने त्यांच्यातल्या अनेकांची घनता कमी भरली. याचे एक कारण यंत्राच्या पद्धतीतच आहे. डेक्सा हाडाची सपाट सावली मोजते आणि उत्तर ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये देते. हाडाची जाडी तिला दिसत नाही. लहान चणीच्या माणसाचे हाड म्हणून प्रत्यक्षापेक्षा विरळ भासते. दुसरे कारण मात्र खरे आहे: ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. भरपूर ऊन असलेल्या या पट्ट्यात ती विचित्र वाटते. पण सकाळची लोकल, दिवसभर ऑफिस आणि अंधार पडल्यावर परत, असा दिनक्रम असलेल्या डोंबिवलीकराच्या अंगावर ऊन पडणार कधी? खिडकीच्या काचेतून येणारे ऊन इथे कामाचे नाही. हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

उलट बाजूची फसगतही होते. साठी-सत्तरीत कमरेच्या मणक्यांना हाडाचे काटे फुटलेले असतात, महारोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साठलेले असते, एखादा मणका दबून चपटा झालेला असतो. या सगळ्यामुळे कमरेचा आकडा खोटा चांगला येतो. अशा वयात खुब्याचा आकडा अधिक भरवशाचा, आणि फक्त कंबर मोजलेला स्वस्तातला अहवाल अपुरा.

धोका केवळ घनतेवर ठरत नाही. किरकोळ पडण्यातून हाड मोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा टी-स्कोअर -२.५च्या वरच असतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. त्यामुळे २००८ पासून ‘फ्रॅक्स’ नावाचे गणित वापरले जाते. वय, वजन, आधीचे फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्यपान, स्टिरॉइडच्या गोळ्या, संधिवाताचा आमवात हा प्रकार अशा गोष्टी भरल्या, की पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगते. भारतासाठीही त्याची आवृत्ती आहे.

यांतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आधीच्या फ्रॅक्चरचा. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरतो, बाई हातावर पडते, मनगट मोडते. प्लास्टर घातले जाते, सहा आठवड्यांनी निघते आणि प्रकरण मिटते. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मोडलेले मनगट हे हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण असू शकते. प्लास्टर निघाले की डेक्सा व्हायला हवी. उंची तीन-चार सेंटीमीटरने कमी होणे, पाठीला पोक येणे, हीही तशीच कारणे. गुडघेदुखी मात्र नव्हे. ते सांध्याचे दुखणे; ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत दुखत नाही. असे काहीही नसेल तर स्त्रियांनी ६५ आणि पुरुषांनी ७०व्या वर्षी तपासणी करावी, अशी परदेशी शिफारस आहे. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षीच जाते आणि खुब्याची फ्रॅक्चरेही लवकर होतात, म्हणून इथले डॉक्टर स्त्रियांना बरेच आधी सुचवतात.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य पाहिले जाते. आठवड्याच्या गोळीपासून वर्षातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनपर्यंत पर्याय आहेत. भारतीय शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३५० मिळते.

पुन्हा मोजणी साधारण एक-दोन वर्षांनी होते. तेव्हा दोन-तीन टक्के फरक दिसला तर तो बहुधा मोजणीतलाच असतो. खुब्यात किंवा कमरेत सुमारे पाच टक्क्यांहून अधिक बदल असेल तरच तो निश्चित खरा मानतात. आणि तुलना त्याच यंत्रावरच्या दोन अहवालांची व्हावी. एका कंपनीच्या यंत्रावरचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी जुळत नाहीत. कल्याणला केलेली पहिली तपासणी आणि ठाण्यात दुसऱ्या यंत्रावर केलेली दुसरी यांच्यातला फरक औषधाचा गुण किंवा अवगुण म्हणून वाचता येत नाही. ठाण्यातला अहवाल नवी सुरुवात म्हणून धरावा लागतो.