निघोजचे खळगे: वारा, लाव्हा की पाणी?

चाकणहून शिक्रापूर, शिरूरमार्गे निघोजला गेलेला माणूस कुकडीच्या पात्रात उतरला की त्याला वाळवंट आठवते. भोवती पर्जन्यछायेतला पारनेर-शिरूरचा कोरडा मुलूख आणि मधोमध खोल चिरलेली घळ, तिच्या भिंती वळणावळणाच्या आणि घासून गुळगुळीत झालेल्या, आणि पात्रात दाटीने पडलेले रांजणासारखे खळगे. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनची, तांबड्या वालुकाश्माच्या त्या घळीची, छायाचित्रे मोबाइलवर पाहिलेली असतातच. दिसण्यापुरती ही तुलना चुकीची नाही. चूक पुढे होते. वाळवंटासारखे दिसते म्हणजे वाऱ्याने घडवले असणार, असे एक जण म्हणतो. इथला दगड लाव्ह्याचा आहे हे माहीत असलेला दुसरा म्हणतो, लाव्हा निवताना फुटलेल्या बुडबुड्यांचे हे रांजण. दोघेही फसतात ते एकाच कारणाने. आपण जातो तेव्हा पात्र बहुधा कोरडे असते, त्यामुळे पाण्यावर कोणी संशयच घेत नाही.

आधी दगडाचे पाहू. निघोजचा दगड वालुकाश्म नाही, तो बेसॉल्ट आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला आणि त्यातून दख्खनचे पठार झाले. मोशीच्या खाणीतली खडी आणि घोरावडेश्वरची कोरीव लेणी याच दगडाची. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, हे खरे. पण ते बहुतेक वाटाण्यापासून मुठीएवढे असतात, आणि पुणे परिसरात त्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक भरले. पुण्याची ही खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बुडबुड्यांतून रांजणाएवढे खळगे झाले असते, तर ते खाणीच्या कड्यांतही दिसले असते आणि नदीकाठच्या माळावरही. ते दाटीने दिसतात फक्त पात्रात. हे खळगे उल्केने पाडले असा तर्क कुणी केला, तर त्यालाही हाच मुद्दा लागू पडतो. लोणारला उल्का पडली, तिथे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे एकच विवर झाले. नदीचा पट्टा धरून ओळीने खळगे पाडणारी उल्का कुणाच्या पाहण्यात नाही.

खळग्याची सुरुवात होते ती दगडातल्या सांध्यात किंवा एखाद्या मऊ जागी. पुराचे पाणी तिथे भोवरा धरते, भोवऱ्यात वाळू आणि गोटे सापडतात आणि गरगर फिरत तळ नि बाजू घासू लागतात. म्हणूनच अनेक खळगे तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असतात, आतली भिंत वाटोळी घोटलेली असते आणि तळाशी पुष्कळदा गोल गोटे सापडतात. शेजारचे दोन खळगे वाढत गेले की मधली भिंत फुटते. अशा फुटलेल्या भिंतींतूनच घळ खोल होत जाते. यावर नेहमीचा आक्षेप असा, की इतक्या कठीण दगडाला पाणी काय करणार? नुसते पाणी फारसे काही करत नाही. घासतो तो गोटा, आणि तोही त्याच कठीण दगडाचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढ्या कमी पावसाच्या मुलखात असा पूर आणला कुणी? उत्तर निघोजच्या पश्चिमेला आहे. कुकडी उगवते जुन्नरच्या डोंगरात, नाणेघाटाच्या बाजूला, जिथे पाऊस सह्याद्रीचा असतो. म्हणजे नदीचे बळ एका मुलखातले आणि तिचे कोरीवकाम दुसऱ्या मुलखातले. अँटिलोप कॅन्यनचीही गोष्ट वेगळी नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिथे पुराचा लोंढा घुसला आणि 11 पर्यटक दगावले. घळीच्या तोंडाशी जेमतेम पाऊस होता, तो पडला होता काही मैल वर. तिथल्या वालुकाश्मात वाऱ्याचा वाटा आहे, हे मात्र मान्य करायला हवे. ज्युरासिक काळातल्या वाऱ्याने उभारलेल्या टेकड्यांची वाळू दबून तो दगड झाला आणि भिंतींवरच्या तिरक्या रेघा त्या टेकड्यांच्याच आहेत. वाऱ्याने दगडाला वाळू पुरवली, घळ चिरली ती मुख्यतः पाण्याने. निघोजला तर वाऱ्याकडे तेवढेही श्रेय जात नाही. वाऱ्याने उडणारी जड वाळू जमिनीलगतच राहते; खोल रांजणाच्या तळाशी गोटे फिरवण्याची ताकद तिच्यात नाही.

‘आशियातले सर्वांत मोठे’ ही निघोजला लावली जाणारी पदवी मी बाजूला ठेवतो. मोजायचे काय, खोली, संख्या की क्षेत्रफळ, हे ठरवल्याशिवाय तिला अर्थ नाही. आजच्या बारीक धारेकडे बोट दाखवून ‘ही नदी दगड कोरेल?’ असे विचारणाऱ्याचा मुद्दा त्याहून विचार करण्याजोगा आहे. अशा ठिकाणी बहुतेक काम अधूनमधून येणाऱ्या मोठ्या पुरांत होते, रोजच्या धारेने नाही. शिवाय माणिकडोह आणि येडगाव ही धरणे झाल्यापासून कुकडीचे बरेच पाणी अडते आणि कालव्यांना वळते, त्यामुळे कोरण्याचा वेग पूर्वीपेक्षा मंदावला असणार. तो थांबलेला मात्र नाही. धरणे भरून विसर्ग सुटला की, निघोजवर थेंबही पडत नसताना, याच घळीतून लोंढा जाऊ शकतो; पावसाळ्यात खळग्यांच्या काठावर उतरणाऱ्याने आभाळ निघोजचे नव्हे, जुन्नरचे पाहावे.