झाकण लावले, पेट्रोल किती वाचले?

वाहन आणि वारा : लेखांक ६

गाडीच्या टपावर बसवलेला मोठा सामानाचा पेटारा अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या वेगाला मायलेज १० ते २५ टक्क्यांनी घटवू शकतो, हे मागच्या आठवड्यात पाहिले. या वेळी त्याच रस्त्यांवरच्या पिकअपकडे वळू. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. अशा गाड्यांच्या हौद्यावर बसवायचे सपाट झाकण, म्हणजे टोनो कव्हर, विकताना इंधनबचतीचा फायदा हमखास सांगितला जातो. तो कितपत खरा?

आधी उघड्या हौद्यात काय घडते ते समजून घेऊ. मागचा फाळका वाऱ्याला पॅराशूटसारखा अडवतो, असा समज जुना आहे. त्यामुळे अनेक चालक फाळका खाली पाडून गाडी हाकतात. प्रत्यक्षात केबिनच्या टपावरून सुटलेली हवा थेट फाळक्यावर आदळत नाही. केबिन आणि बंद फाळका यांच्यामध्ये हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि वरून येणारा प्रवाह बराचसा त्याच्यावरून सरकत फाळक्यापलीकडे जातो. फाळका पाडला की हा भोवरा विस्कटतो, गाडीमागचा कमी दाबाचा पट्टा वाढतो आणि गाडी मागे ओढली जाते. ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दोन पिकअप रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हाही फाळका बंद असलेलीच गाडी जास्त लांब गेली.

झाकण याच भोवऱ्याला आणखी आवर घालते. हौद्याचा खोल खड्डा बुजतो, टपावरून उतरणारी हवा झाकणालगत जास्त सुरळीत वाहते आणि हवेचा विरोध थोडा कमी होतो. ‘थोडा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ही घट काही टक्क्यांचीच असते आणि हौद्याची लांबी, टपाचा उतार, फाळक्याची उंची यांनुसार बदलते. नव्या पिकअपमध्ये फाळक्याच्या वरच्या कडेला बारीक ओठ काढून कंपन्यांनी हा प्रवाह आधीच बराच सुधारलेला असतो. तिथे झाकणाला करण्यासारखे कमीच उरते.

शिवाय विरोधातली सगळी घट पेट्रोलच्या बचतीत उतरत नाही. ताशी ६५ मैलांच्या आसपास गाडीला लागणाऱ्या शक्तीपैकी साधारण निम्मी हवेशी झुंजण्यात जाते, बाकीची टायर आणि इतर घर्षणात. म्हणजे विरोध ४ टक्के घटला, तर इंधन वाचते २ टक्क्यांच्या आसपास. शहरातल्या संथ रहदारीत तर हा लाभ जवळपास शून्यावर येतो. कठीण झाकणाचे स्वतःचे वजनही असते. साधारण ४५ किलो जादा वजनामागे मायलेज सुमारे १ टक्क्याने घटते, मोठ्या गाडीत त्याहून कमी. पण बचतच तुटपुंजी असेल तर तेही मोजावे लागते.

आता हिशेब मांडू. समजा, वर्षाला १५ हजार मैल धाव आणि गॅलनला २० मैल मायलेज. म्हणजे ७५० गॅलन पेट्रोल. सगळे अंतर महामार्गावरच कापले असे धरून २ टक्के वाचवले, तर १५ गॅलन. साडेतीन डॉलर भावाने वर्षाला साधारण ५२ डॉलर. झाकण हजार डॉलरचे असेल, तर नुसत्या पेट्रोलमधून ते वसूल व्हायला १९ वर्षे लागतील.

याच्या शेजारी वेगाचा आकडा ठेवून पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७५ ऐवजी ६५ मैलांनी गाडी चालवली, तर तो जवळजवळ २५ टक्क्यांनी घटतो. कोणतेही झाकण याच्या जवळपासही पोहोचत नाही, आणि याला एक डॉलरही लागत नाही.

म्हणून निवाडा स्पष्ट आहे. सामान पावसापासून आणि चोरांपासून वाचवायचे असेल, तर झाकण जरूर घ्या. ते त्या कामाचे आहे. केवळ इंधनासाठी मात्र घेऊ नका. फाळका बंद ठेवा, हौद्यातले अनावश्यक ओझे उतरवा आणि महामार्गावर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका ठेवा.

(पुढील आठवड्यात : टायरमधली हवा आणि मायलेज)