उंच तीर्थांच्या यात्रेस निघण्यापूर्वी

आपल्या समाजास डोंगर नवा नाही. शत्रुंजयाच्या पायऱ्या, गिरनारची चढण आणि संमेदशिखराची वंदना घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी केलेली असते. त्यामुळे टावर चौकातील पेढ्यांवर केदारनाथ, बद्रीनाथ किंवा अष्टापद मानल्या जाणाऱ्या कैलासाच्या यात्रेचा बेत निघाला, की ‘शिखरजी चढून आलो, मग हे काय अवघड?’ असे सहज म्हटले जाते. या म्हणण्यात श्रद्धा आहे. परंतु हिशेबात मोठी चूक आहे.

उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर, तर शिखरजीचा पारसनाथ पर्वत सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. उंचीचा विकार साधारणतः २,५०० मीटरच्या पुढे संभवतो. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर, मानसरोवर सुमारे ४,५९० मीटर, आणि कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. तेथेही हवेतील प्राणवायूचा वाटा तोच असतो. मात्र हवेचा दाब उतरतो. साडेपाच हजार मीटरवर तो जवळजवळ निम्मा राहतो, आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो.

शरीर या उणिवेशी जुळवून घेते. पण त्यास काही दिवस द्यावे लागतात. अंगातील बळ येथे कामास येत नाही. डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातील १,९२५ भारतीय सैनिकांच्या या विकाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. सैनिकांची ही अवस्था, तर दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने किती जपावे!

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, थकवा व भोवळ ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच चढणे थांबवावे. विश्रांतीनेही ती वाढली, तर खाली उतरावे. तोल जाणे, बोलण्यात भ्रम, बसल्या जागी धाप किंवा फेसाळ खोकला ही मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी प्राणवायू द्यावा. परंतु रात्र असली तरी रुग्णास सोबतीने खाली नेण्यास विलंब लावू नये.

तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. गौरीकुंडाहून एका दिवसात केदारनाथ गाठणारा, किंवा हेलिकॉप्टरने काही मिनिटांत तेथे उतरणारा, शरीरास ही सवलतच देत नाही. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मद्य तर आपणांस वर्ज्यच आहे. झोपेच्या गोळ्याही तेथे वर्ज्य समजाव्यात.

चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसा पुरेसे उकळलेले पाणी प्यावे. दीर्घ उपवासाचा संकल्प यात्रेहून परतल्यावर करणे हितावह. हृदय, श्वास वा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. लिपुलेख मार्गे जाणाऱ्या सरकारी कैलासयात्रेत तर दिल्लीस व पुन्हा वाटेत गुंजी येथे वैद्यकीय तपासणी होते.

संघ काढणाऱ्या बंधूंना एकच विनंती. कार्यक्रमात दोन दिवस शिलकीत ठेवावे, आणि रोज सायंकाळी प्रत्येक यात्रेकरूची प्रकृती विचारावी. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल या संकोचाने दुखणे लपविण्याची सवय, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांत, फार आहे. दर्शनावाचून परतावे लागले, तरी तीर्थ पुढील वर्षीही तेथेच असेल; माणूस सुखरूप घरी यावा.